सँडबॉक्सच्या टेस्ट दुसऱ्या ओएसवर बसवताना: कॅप्सिकम-टेस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली काही वर्षं फ्रीबीएसडीवर (युनिक्सच्या घरातली एक मुक्त ओएस), आणि त्यातूनच निघालेल्या एका इन-हाउस सिस्टिमवर, कॅप्सिकमच्या टेस्ट चालवतोय, दुरुस्त करतोय, कधी कधी त्यांच्याशी भांडतोय. टीममध्ये नवीन कोणी आलं की तेच तेच प्रश्न येतात आणि मी दर वेळी चहाच्या टपरीवर तेच सांगतो, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. फंक्शनची आणि एररची नावं देवनागरीतच टाकलीयेत, मॅन पेज उघडताना तेवढी रोमन करून घ्या.

कॅप्सिकम म्हणजे काय? ढोबळी मिरची?

फ्रीबीएसडीतली सँडबॉक्सची सोय, म्हणजे प्रोग्रामला मोजक्या हक्कांत कोंडून ठेवायची. नाव त्याच मिरचीचं आहे, आणि त्यात 'कॅप' लपलंय म्हणजे केपेबिलिटी. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमधले रॉबर्ट वॉटसन आणि जोनाथन अँडरसन, आणि गुगलकडून बेन लॉरी आणि केन्नवे, यांनी मिळून हे काढलं, पेपर २०१० च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेत आला. फ्रीबीएसडी ९.० मध्ये (जानेवारी २०१२) प्रयोग म्हणून होतं, १०.० पासून (जानेवारी २०१४) डिफॉल्टनेच चालू असतं.

कल्पना सोपी आहे. प्रोग्रामने सुरुवातीला जे लागतं ते सगळं उघडून घ्यायचं, मग 'कॅप_एंटर' म्हणायचं, आणि तिथून पुढे बाहेरच्या जगाचे रस्ते बंद. पूर्ण पाथ देऊन फाइल उघडता येत नाही, दुसऱ्या प्रोसेसला सिग्नल मारता येत नाही, आणि परत बाहेरही येता येत नाही. हातात जे एफडी आहेत (म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर) तेवढ्यावर संसार करायचा. त्या एफडीवरचे हक्कही 'कॅप_राइट्स_लिमिट' वापरून छाटता येतात, म्हणजे हा फक्त वाचायचा, हा फक्त लिहायचा असं.

दोन एरर आत्ताच पाठ करा, कारण पुढे सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं. ईनॉटकेपेबल (नंबर ९३) म्हणजे तुझ्या एफडीवर हा हक्क नाही. ईकॅपमोड (नंबर ९४) म्हणजे तू सँडबॉक्समध्ये आहेस, ही गोष्ट इथे मिळतच नाही.

हा टेस्ट सूट आला कुठून? आणि फ्रीबीएसडी तर कॅप्सिकमचं माहेर, मग तिथे 'बसवायचं' काय?

गंमत हीच आहे. फ्रीबीएसडीत आधीपासून छोट्या टेस्ट होत्या, पण आज आपण ज्याला कॅप्सिकम-टेस्ट म्हणतो तो सूट मोठा झाला लिनक्ससाठी. गुगलमधले डेव्हिड ड्रायसडेल कॅप्सिकम लिनक्सवर आणत होते, त्यांनी २०१४ मध्ये पॅचेस लिनक्स कर्नलच्या लोकांकडे पाठवले, आणि सोबत सी++ मध्ये गुगल टेस्ट वापरून हा सूट लिहिला जो दोन्हीकडे चालावा. पॅच काही मेनलाइनमध्ये गेले नाहीत, टेस्ट मात्र उरल्या, आणि २०१९ मध्ये फ्रीबीएसडीच्या मुख्य सोर्स ट्रीमध्ये 'कॉन्ट्रिब' खाली जाऊन बसल्या. म्हणजे लेक सासरी वाढली आणि माहेरी परत आली, येताना सासरच्या सवयी घेऊन. त्या सवयी सोडवणं हेच अर्धं काम.

दुसरं कारण म्हणजे एपीआय स्वतःच बदललंय. ९ मध्ये 'कॅप_न्यू' होतं जे छाटलेल्या हक्कांचा नवीन एफडी द्यायचं आणि हक्क म्हणजे एक ६४ बिटांचा आकडा होता. १० मध्ये कॅप_न्यू गेलं, कॅप_राइट्स_लिमिट आलं जे आहे तोच एफडी छाटतं, आणि हक्कांचा स्ट्रक्चर झाला. म्हणून सूटमध्ये प्रत्येक ओएससाठी वेगळी हेडर फाइल आहे आणि तुमची सिस्टिम तिसरी असेल तर तुमचं काम त्या हेडरपासून सुरू होतं. टेस्टच्या फाइलींमध्ये इफडेफ (ओएसप्रमाणे कोड निवडायच्या अटी) पेरत बसू नका, मी बसलो होतो, सहा महिन्यांनी मलाच वाचता येईना.

प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये का पळते? किती स्लो आहे हे.

कारण कॅप_एंटर एकतर्फी आहे. एकदा आत गेलं की ती प्रोसेस मरेपर्यंत आतच, त्यामुळे पहिल्याच टेस्टने पूर्ण टेस्ट प्रोग्राम कोंडला तर पुढच्या टेस्टना टेम्प फाइलसुद्धा बनवता येणार नाही. म्हणून 'फोर्क_टेस्ट' नावाचा मॅक्रो आहे, तो फोर्क करून पोरगं काढतो (म्हणजे नवीन चाइल्ड प्रोसेस, मूळची ती आई), टेस्ट पोराच्या आत चालते, आणि ते पोरगं एक्झिट कोडमधून आईला सांगतं की पास का नापास.

यात एक खड्डा आहे जो सगळ्यांना एकदा तरी गिळतो. तुमची टेस्ट स्वतःही फोर्क करत असेल, म्हणजे नातवंड झालं, आणि त्या नातवंडात एक्स्पेक्ट फेल झालं, तर ते कोणालाच कळत नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं दिसतात आणि खाली हिरवा पास. नातवंडाचा एक्झिट कोड पोराने वेट करून तपासला आणि वर पोचवला तरच ते फेल धरलं जातं. सूटमधल्या जुन्या टेस्ट हे नीट करतात, आपण नव्याने भर घातलेल्यांमध्ये मात्र नेहमी राहून जातं.

सिस्टिम कॉल फेल झाला का एवढंच बघायचंय ना? -१ आला की पास, एवढं काय त्यात?

नाही. नाही नाही नाही. हा एकच मुद्दा नीट समजला तर बाकीचं पान नाही वाचलं तरी चालेल.

साधी टेस्ट ही 'झालं का' विचारते. सँडबॉक्सची टेस्ट 'अडवलं का' विचारते, आणि अडायला हजार कारणं असतात. सोसायटीचा वॉचमन नीट काम करतो का बघायला तुम्ही मित्राला पाठवलं, तो वर पोचला नाही. वॉचमनने अडवलं म्हणून, का लिफ्ट बंद होती म्हणून, का तो चुकीच्या विंगमध्ये गेला म्हणून? 'पोचला नाही' एवढ्यावर वॉचमनला शाबासकी दिलीत तर उद्या चोरी झाल्यावर बोलू नका.

माझ्याच हातून झालेलं सांगतो. मी काही टेस्ट लिनक्सवर लिहिल्या होत्या, त्यात आत गेल्यावर '/इटीसी/होस्टनेम' उघडायचा प्रयत्न आणि अपेक्षा काय तर फेल. ओपनने -१ दिला की पास. आमच्या इन-हाउस सिस्टिमचा कर्नल कोणीतरी बारीक करताना कॉन्फिगमधून 'केपेबिलिटी_मोड' हा ऑप्शन उडवला, म्हणजे सँडबॉक्सच नाही, कॅप_एंटर गपचूप -१ आणि ईनोसिस (असा कॉलच नाही) देऊन परत येत होतं, आणि मी त्याचा रिटर्न तपासलेलाच नव्हता. मग टेस्ट फेल व्हायला हव्या होत्या ना? एकही झाली नाही. कारण फ्रीबीएसडीवर त्या नावाची फाइलच नसते! ओपन -१ देत होतं ते ईनोएंट (अशी फाइल नाही) म्हणून. सगळं हिरवंगार. दोन आठवडे आम्ही उघड्या घराला कुलूप आहे असं समजून फिरत होतो.

तेव्हापासून माझे नियम:

आत जायच्या आधी तेच काम करून बघा, ते यशस्वी झालंच पाहिजे. मग आत जा, आणि आत गेल्याचं कर्नललाच विचारून खात्री करा ('कॅप_गेटमोड' आहे त्यासाठी). मग तेच काम परत करा आणि आता ते ईकॅपमोड किंवा ईनॉटकेपेबल याच कारणाने पडलं पाहिजे, दुसरा कुठलाही एरर आला तर टेस्ट नापास. सूटमध्ये यासाठी वेगळे मॅक्रो दिलेत, एक ईकॅपमोडसाठी एक ईनॉटकेपेबलसाठी, ते वापरा, हाताने -१ शी तुलना करत बसू नका.

हक्क छाटायच्या टेस्टमध्येही तेच. एफडीवर लिहायचा हक्क नाही हे तपासायचंय तर फाइल वाचन-लेखन दोन्हीसाठी उघडा आणि मग हक्क छाटा. फाइल मुळातच फक्त वाचायला उघडली असेल तर राइट तसंही पडणारच, मग कॅप्सिकमने काय केलं हे सिद्धच होत नाही.

मग ईपर्म आला तरी चालत नाही का? तो पण 'परवानगी नाही'च म्हणतो.

चालत नाही, आणि याचं कारण जरा खोलात आहे. फ्रीबीएसडीमध्ये बरेचसे सिस्टिम कॉल दारातच अडवले जातात, म्हणजे कॉलचा कोड सुरू व्हायच्या आधीच कर्नल बघतो की ही प्रोसेस केपेबिलिटी मोडमध्ये आहे आणि हा कॉल परवानगीच्या यादीत नाही, की लगेच ईकॅपमोड. त्यामुळे साध्या युजरने आत जाऊन 'सीएचरूट' (रूट डिरेक्टरी बदलणारा कॉल) केलं तरी ईपर्म नाही, ईकॅपमोडच यायला हवा. पॉइंटर नल दिला तरी तोच. तुम्हाला ईपर्म दिसला तर त्याचा अर्थ कॉल आतपर्यंत पोचला, म्हणजे दार उघडं होतं आणि तुम्ही रूट नव्हता म्हणून वाचलात. तीच टेस्ट रूट म्हणून चालवा आणि मग बघा काय होतं ते.

काही कॉल मात्र दारातून आत सोडतात आणि आत झडती घेतात. 'किल' तसाच आहे, स्वतःला सिग्नल चालतो, आईला पाठवला की ईकॅपमोड. 'ओपनअ‍ॅट' तसाच, एफडी दिला तर चालतो, चालू डिरेक्टरीसाठी जो खास एटी_एफडीसीडब्ल्यूडी असतो तो दिला की ईकॅपमोड. 'सिसकंट्रोल' (कर्नलच्या सेटिंग वाचायचा-बदलायचा कॉल) पण, काही नोड आतून वाचता येतात, बाकीचे नाही. नवीन ओएसवर बसवताना पहिल्यांदा या आतून झडती घेणाऱ्या कॉलवर वेळ घालवा. दारातली यादी एका फाइलीत असते आणि सहसा बरोबर असते, चुका होतात त्या आतल्या झडतीत.

लिनक्सवरच्या टेस्ट जशाच्या तशा उचलल्या आणि पंधरा-वीस पडल्या. कॅप्सिकम बिघडलंय का?

बहुतेक नाही, हे वड्याचं तेल वांग्यावर आहे. दोन्ही युनिक्सच्या घरातल्या, पण भांडीकुंडी वेगळी. नमुने बघा.

ओ_नोफॉलो देऊन सिमलिंक उघडायला गेलं की लिनक्स ईलूप म्हणतो, फ्रीबीएसडी ईएमलिंक. डिरेक्टरीवर अनलिंक केलं की लिनक्स ईइझडिर, फ्रीबीएसडी ईपर्म. एररचे आकडे वेगळे, ईअगेन तिकडे ११ इकडे ३५. सिग्नलचे आकडेसुद्धा, सिगयूझर१ तिकडे १० इकडे ३०, त्यामुळे कोणी टेस्टमध्ये आकडा लिहिला असेल तर त्याला प्रेमाने समजवा.

आणि एक जास्त तापदायक. कर्नलमध्ये नसलेला सिस्टिम कॉल मारला की लिनक्स ईनोसिस देऊन गप्प बसतो, फ्रीबीएसडी वर सिगसिस सिग्नलही पाठवतं आणि प्रोसेस मरते. (कॅप_एंटर याला अपवाद, त्याचा रिकामा स्टब नेहमी असतो म्हणून वरच्या किश्श्यात काही मेलं नाही. मेलं असतं तर बरं झालं असतं.) मेसेज क्यूच्या टेस्टमध्ये हे हमखास दिसतं, कारण फ्रीबीएसडीवर त्यासाठी 'एमक्यूएफएस' मॉड्यूल लोड करावं लागतं आणि ते आपोआप होत नाही. टेस्ट ईनोसिसची वाट बघत असते आणि तेवढ्यात स्वतःच जाते.

डॉट-डॉटचं काय लफडं आहे? एका मशिनवर पास एकावर फेल.

हा माझा आवडता. प्रश्न असा की डिरेक्टरीचा एफडी हातात आहे, त्यावरून 'सबडिर/../फाइल' असं उघडलं तर चालावं का? आपण एफडीच्या डिरेक्टरीच्या बाहेर तर जात नाहीये, आत जाऊन परत त्याच जागी आलो.

सुरुवातीला फ्रीबीएसडी म्हणायचं की पाथमध्ये डॉट-डॉट दिसला की संपलं, ईनॉटकेपेबल. कडक पण सोपं, कारण तुम्ही मधल्या डिरेक्टरीत असताना दुसऱ्या प्रोसेसने ती उचलून भलतीकडे नेली तर तो डॉट-डॉट तुम्हाला कुठे नेऊन सोडेल याची हमी नाही. २०१६ च्या शेवटाला कर्नलमध्ये बदल आला, आता लुकअप चालू असताना कर्नल कुठून कुठून आलो ते लक्षात ठेवतो आणि डॉट-डॉट त्याच यादीतल्या डिरेक्टरीत परत नेत असेल तर जाऊ देतो, बाहेर पडायला लागलं की ईनॉटकेपेबल. हे 'व्हीएफएस.लुकअप_कॅप_डॉटडॉट' या सिसकंट्रोलने चालू-बंद होतं, डिफॉल्ट चालू.

म्हणजे त्याआधीच्या सिस्टिमवर 'सबडिर/../फाइल' पडलं पाहिजे हे बरोबर, आणि आताच्या सिस्टिमवर ते उघडलं पाहिजे हेच बरोबर. टेस्ट तीच, अपेक्षा उलटी.

आता तुमचं एका मशिनवर पास एकावर फेल. दोन्हीवर तोच कर्नल, तोच सिसकंट्रोल? मग टेम्प डिरेक्टरी कुठे आहे ते बघा. शेजारी अजून एक सिसकंट्रोल आहे, शेपटीला 'नॉनलोकल' लावलेलं, आणि ते कोणी बंद करून ठेवलंय का बघा. ते बंद असलं की एनएफएससारख्या नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवर डॉट-डॉट चालत नाही, कारण तिथे दुसऱ्या मशिनवरून कोणी डिरेक्टरी हलवली तर आपल्या कर्नलला पत्ताच लागत नाही. आमच्या बिल्ड मशिनची टेम्प जागा एनएफएसवर होती. मी तीन दिवस ओपनअ‍ॅटचा सोर्स वाचत बसलो होतो, शेजारच्याने 'माउंट' टाइप केलं आणि हसला.

टेस्ट '/प्रॉक' वाचतात आणि आमच्याकडे तो नाहीच.

फ्रीबीएसडीवर प्रॉक फाइल सिस्टिम डिफॉल्टने माउंट नसते, आणि टेस्टसाठी माउंट करायला लावू नका, ते उगाच नवीन अट लादणं झालं. सूटमध्ये एक छोटं फंक्शन आहे जे 'ही प्रोसेस आत्ता कुठल्या अवस्थेत आहे' हे एका अक्षरात सांगतं. लिनक्ससाठी ते प्रॉकमधली स्टेटस फाइल वाचतं, फ्रीबीएसडीसाठी 'पीएस' कमांड चालवून स्टेटचा कॉलम वाचतं. तिसऱ्या ओएससाठी तुम्हाला हे फंक्शन लिहावं लागणार.

लिहिताना दोन गोष्टी. पीएस 'एस+' किंवा 'आयएस' असं दोन-तीन अक्षरी उत्तर देतं, त्यातलं पहिलंच अक्षर घ्या. आणि फ्रीबीएसडीमध्ये वीसेक सेकंदांपेक्षा जास्त झोपलेली प्रोसेस 'एस' ऐवजी 'आय' दाखवते, म्हणजे आयडल. लिनक्सवरून आलेली टेस्ट म्हणणार पोरगं 'एस' मध्ये पाहिजे, आणि मशिन लोडखाली असेल, टेस्ट रेंगाळली असेल, तर 'आय' येऊन टेस्ट पडणार, आणि तुमच्या लॅपटॉपवर कधीच पडणार नाही. तसंच हे फंक्शन सँडबॉक्सच्या बाहेरच्या प्रोसेसमधून बोलवा, आतून पीएस चालणार नाही, का ते आता तुम्हालाच माहितीये.

पीडीफोर्कच्या टेस्ट कधी पास कधी फेल, नशिबावर आहे का?

पीडीफोर्क म्हणजे फोर्कच, पण पोराचा पीआयडी न वापरता त्याचा एफडी मिळतो, मग सिग्नल त्या एफडीवरूनच. दोन सवयी मोडाव्या लागतात. एक, फ्रीबीएसडीवर असं पोरगं मेलं की सिगचाइल्ड येत नाही, आणि 'कुठलंही पोरगं' म्हणून वेट केलं (-१ देऊन) तर हे पोरगं त्यात धरलं जात नाही. पीआयडी स्पष्ट दिला तर मिळतं. सिगचाइल्डची वाट बघणारी टेस्ट तिथेच टांगून राहते.

दुसरं, शेवटचा एफडी बंद केला की कर्नल पोराला सिगकिल देतो (पीडी_डीमन फ्लॅग नसेल तर). टेस्ट काय करते, एफडी बंद, थोडी झोप, मग पोरगं मेलं का बघ. ती 'थोडी झोप' हीच सगळ्या फ्लेकी टेस्टची आई. सिग्नल गेला म्हणजे प्रोसेस त्याच क्षणी गेली असं नाही, व्हर्च्युअल मशिनवर तर नाहीच. झोपेची वेळ वाढवू नका, लूप लावा: दर काही मिलिसेकंदांनी बघ, मेलं की पुढे, पाच-दहा सेकंदांत नाही मेलं तर नापास. चांगल्या मशिनवर टेस्ट उलट लवकर संपते.

रूट म्हणून चालवू का साधा युजर म्हणून?

दोन्ही. रूट म्हणून चालवल्याशिवाय 'रूटलाही अडवतं' हे सिद्ध होत नाही, आणि साध्या युजरशिवाय काही हक्कांच्या टेस्टला अर्थ नाही. फ्रीबीएसडीत यासाठी 'टेस्ट्स' नावाचा युजर तयारच असतो. '/यूएसआर/टेस्ट्स/सिस/कॅप्सिकम' मध्ये जाऊन 'क्यूआ टेस्ट' दिलं की झालं (क्यूआ म्हणजे टेस्ट चालवणारी कमांड).

इन्स्टॉल करताना एक काळजी. सूटसोबत 'मिनी-मी' नावाचा पिटुकला प्रोग्राम येतो, त्याच्या तीन कॉपी असतात: एक साधी, एक एक्झिक्यूट बिट नसलेली, एक सेटयूआयडीवाली (फाइलच्या मालकाच्या हक्काने चालणारी). टेस्ट त्या चालवून बघतात. आमच्या पॅकेजिंग स्क्रिप्टने इमानदारीत सगळ्यांना ७५५ परमिशन दिली. नोएक्झेकवाली कॉपी धावायला लागली, सेटयूआयडीवालीचा बिट गेला, आणि आम्ही कर्नलमध्ये बग शोधतोय.

एखादं फीचरच नसेल तर टेस्ट काढून टाकू?

काढू नका, स्किप करा, आणि कारण लिहा. एससीटीपी (एक नेटवर्क प्रोटोकॉल) नाही, मेसेज क्यूचं मॉड्यूल नाही, ठीके, पण रिपोर्टमध्ये 'स्किप: मॉड्यूल लोड नाही' असं दिसू द्या. आणि स्किपचा आकडा लक्षात ठेवा! काल ६ होत्या आज ४० झाल्या तर काहीतरी झालंय, आणि सीआय (दर बदलाला टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) मात्र हिरवाच दाखवणार. आम्ही सीआयमध्ये आकडा ठरवून टाकलाय, त्यापेक्षा एक जरी जास्त स्किप झाली तरी बिल्ड लाल.

टेस्ट पडलीये, कुठून सुरुवात करू?

केट्रेस, म्हणजे प्रोसेस कर्नलशी काय बोलते ते नोंदवणारी कमांड. त्याला ट्रेस-पॉइंट म्हणून फक्त 'पी' द्या, म्हणजे कॅप्सिकमने जिथे जिथे अडवलं तेवढंच नोंदवलं जातं, आणि पोरांमध्येही ट्रेस चालू राहायचा फ्लॅग विसरू नका कारण टेस्ट पोरात असते. मग ती नोंद वाचायला केडंप. त्यात सरळ दिसतं की या कामाला अमुक हक्क लागतो, एफडीकडे तमुक आहेत. अर्ध्या वेळा तिथेच घोडं कुठे पेंड खातंय ते कळतं. चालू प्रोसेसच्या एफडींवरचे हक्क बघायला प्रोकस्टॅट.

सगळ्याच टेस्ट सिग्नलने मरतायत, कोअर डंपचा ढीग पडलाय.

'कर्न.ट्रॅप_ईनॉटकॅप' हे सिसकंट्रोल कोणीतरी १ करून ठेवलंय. डिबगिंगला मस्त आहे, जिथे ईकॅपमोड किंवा ईनॉटकेपेबल येणार तिथेच सिगट्रॅप मारतं, पण आपल्या टेस्ट तर मुद्दाम ते एरर काढतात. ० करा.

हेच लिनक्सवर, ओपनबीएसडीवर नेता येईल का?

सूट जशाचा तसा नाही, कॅप्सिकमच तिकडे नाही. तुकडे मात्र गेलेत: 'एक्झेकव्हीअ‍ॅट' हा कॉल ड्रायसडेल यांच्याच हातून लिनक्स ३.१९ मध्ये गेला, ५.६ मध्ये 'ओपनअ‍ॅट२' आला ज्यात 'या डिरेक्टरीच्या खालीच राहा' असं सांगता येतं, आणि पीआयडी-एफडी ही पीडीफोर्कची लांबची चुलत बहीण.

टेस्टची कल्पना नेता येते, पण प्रत्येक ओएसचं 'नाही' वेगळं असतं हे आधी मांडून घ्या. लँडलॉक (लिनक्सचा सँडबॉक्स, ५.१३ पासून) बहुतेक ईअ‍ॅक्सेस म्हणतो, पण एका डिरेक्टरीतून दुसरीत रीनेम अडवताना ईएक्सडेव्ह देऊ शकतो. लिनक्सच्याच सेककॉम्पमध्ये (सिस्टिम कॉल गाळणारा फिल्टर) तर फिल्टर लिहिणारा म्हणेल तो एरर, किंवा सरळ मरण. ओपनबीएसडीचं प्लेज नियम मोडला की सिगअबॉर्टने मारून टाकतं, म्हणजे तिथली टेस्ट 'पोरगं या सिग्नलने मेलं का' अशी लिहावी लागते. आणि अनव्हेल तर ज्या फाइलीवरचा पडदा काढला नाही तिच्याबद्दल ईनोएंट देतं, म्हणजे अशी फाइलच नाही म्हणून सांगतं. माझ्या होस्टनेमच्या किश्श्यातला एरर तिथे खरंच बरोबर उत्तर असतो! तिथे आधी फाइल उघडून दाखवणं, मग पडदा टाकणं, याला पर्यायच नाही.

टेस्ट आणि कर्नल भांडतायत, बदलायचं कोणाला?

मॅन पेज काय म्हणतं ते बघा. मॅन पेज आणि कर्नल एक बाजूला, टेस्ट दुसरीकडे, तर टेस्ट जुनी झाली, जसं डॉट-डॉटचं. मॅन पेज आणि टेस्ट एक बाजूला असतील तर कर्नलचा बग, टेस्टला हात लावू नका, रिलीज उद्या असली तरी नाही. अपेक्षित एररची यादी वाढवून 'हा पण चालेल' करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तो चोर सिक्युरिटीचा आहे.

केलेले बदल अपस्ट्रीमला (मूळ प्रकल्पाकडे) पाठवू का?

पाठवा, पण तुकडे करून. हेडर एक पॅच, प्रोसेसची अवस्था सांगणारं फंक्शन एक पॅच, झोपेच्या जागी लूप हा वेगळा. अपेक्षित एरर बदललेला असेल तर कमिट मेसेजमध्ये कुठल्या मॅन पेजच्या कुठल्या वाक्यावरून बदलला ते लिहा, रिव्ह्यू करणारा पहिला तोच प्रश्न विचारतो.